बीटच्या दोन जास्त ओळी

शेवटचा साधासुधा दिवस मार्चमधला होता. बाहेर कंबरभर बर्फ, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबा चौकटीच्या कागदावर बाग आखत होते. कॅनडातल्या उत्तर सस्कॅचेवानमध्ये दोन हिवाळ्यांच्या मधे जेमतेम नव्वद दिवस मिळतात. आखणी चुकली की वर्ष गेलं.

"बीटच्या दोन ओळी जास्त झाल्या, बाबा. आपण दोघंच. खाणार कोण?" लारिसानं विचारलं.

"येईल की खाणारा."

तेवढ्यात शेजारच्या शेतावरचा ओस्ताप बियाण्याचे बटाटे मागून ठेवायला आला. सलग सहावं वर्ष.

"तुमच्या तळघरातले संपले वाटतं?" लारिसा म्हणाली.

"भरपूर आहेत. पण तुमचे... जरा माणसाळलेले आहेत."

"बटाटे?"

"मग काय, तू? सहा वर्षांत एकदा 'बस' म्हणाली नाहीस."

बाबा खदखदून हसले आणि त्यांनीच खुर्ची पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात गेले आणि तिथेच गेले.

मे महिन्यात आठवडाभर ऊन पडलं, आणि बाबांनी जन्मभर टाळलेली चूक लारिसानं केली — वीस तारखेलाच टोमॅटोची रोपं बाहेर लावली. घरात बोलायला त्या रोपांशिवाय कोणी नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना.

संध्याकाळी ओस्ताप आला. काखेत जुन्या चादरींचं गाठोडं.

"आज दव गोठणार. वाटलंच मला, तू घाई करशील."

"मी? घाई?"

"टोमॅटोच्या बाबतीत."

दोघांनी रोपं झाकली. चादरीच्या कडेवर दगड ठेवताना बोटांना बोटं लागली — गार, मातीनं माखलेली. लगेच कोणीच काढली नाहीत.

"सोमवारी रेजायना शहरात चाललोय," तो खाली बघत म्हणाला. "नोकरी मिळाली. चादरी राहू दे, ऑगस्टमध्ये पुन्हा लागतील."

तो फाटकाकडे निघाला. तिच्या खिशात बाबांचा कागद होता. त्या दोन ओळी कोणासाठी, हे तिला मार्चमध्येच कळलं होतं.

"ओस्ताप—"

तो वळला.

"चुलीवर बीटचं बोर्श्ट आहे. मला अजून एकटीपुरतं करता येत नाही..." तिनं पुन्हा सुरुवात केली. "आत ये. बस. जाऊ नकोस."