चार्ज घ्यायला आलात ना?

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी त्याच खोलीत होतो, जागा होतो आणि शुद्धीत होतो. हे तिन्ही माझ्या बाबतीत एकत्र क्वचितच घडतं.

मामा परदेशात आपल्या दूतावासात अधिकारी. तीन वर्षं संपली, बदली झाली, सामानाचे खोके मामीकडे घरी रवाना झाले. त्याच्या जागी येणाऱ्या माणसाला चार्ज द्यायचा आणि सुटायचं, एवढंच उरलेलं. मी सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो.

मंगळवार. दुपारचे अडीच. पहिला मजला, मामाची केबिन.

दारावर टकटक झाली...

एक म्हातारे गृहस्थ आत आले. कोट, टाय, काखेत फाईल.

"आलात एकदाचे! चार्ज घ्यायला तुम्हीच ना?"

कुणालाही तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, या एका गुणावर मामाची अख्खी नोकरी झालेली. तो हसून म्हणाला, "आपण म्हणाल तसं, साहेब."

"मग करा इथे सही."

मामाने केली. तीन प्रतींवर.

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. "आता घरी जातो," म्हणाले आणि वळले...

दार उघडलंच नाही.

खोलीत मात्र आम्ही दोघेच उरलो.

खालचा पहारेकरी म्हणाला, "वर कुणीच गेलं नाही." मग वर्णन ऐकून त्याने डोक्यावरची टोपी काढली. "ते जुने साहेब. त्यांच्या जागी यायचा माणूस आलाच नाही. वाट बघता बघता इथेच गेले."

"मामा, अरे सही कशाला केलीस?"

"वयस्कर माणूस रे. बरं दिसत नाही."

मामाच्या जागी येणाऱ्या पहिल्याची नेमणूक रद्द झाली. दुसरा आला, पण दिवसभर फिरूनही त्याला ती केबिन सापडेना. त्या मजल्यावर केबिनी चारच आहेत.

शेवटी वैतागून मामा टॅक्सीने थेट विमानतळाकडे निघाला. उतरला तर...

समोर दूतावासाचंच फाटक.

ड्रायव्हर म्हणाला, "शुभ प्रवास."

याला चार वर्षं झाली. मामीने अजून खोके उघडलेले नाहीत.

आज माझा निकाल लागला. परराष्ट्र सेवेत निवड झाली. पेढे घेऊन मामीकडे आलो, तेवढ्यात मामाचा फोन. अभिनंदन वगैरे नाही. थेट मुद्द्यावर...

"चार्ज घ्यायला तू येशील ना रे?"

मामीने माझा हात घट्ट धरला.

"हो म्हण," ती हळूच म्हणाली. "एकदाच म्हण ना, बाळा."

मी "आवाज येत नाहीये" म्हणून फोन कापला.

हे मी डाव्या हाताने टाइप करतोय.

उजवा मामीने अजून सोडलेला नाही...