कलमाचा चाकू

फ्रेमवाल्याला त्या दिवशी दुकानातून उठायला निमित्तच हवं होतं. गेल्या महिन्यात वारलेल्या म्हाताऱ्या माळ्याचा फोटो मढवून तयार होता. तो त्याच्या बायकोकडे पोचवायचा, एवढंच काम. एरवी त्याने निरोप धाडला असता. पण हल्ली घराकडे वळायचं म्हटलं की त्याचे पाय जड व्हायचे. घरी ठकी होती, त्याची एकुलती एक लेक, आणि तिच्या अंगात रक्त धरत नव्हतं. दवाखान्यातून परवाच सांगितलं होतं, घरी न्या, मागेल ते खायला द्या. याचा अर्थ काय, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

माळीणकाकूंनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला. मग कपाटातून एक घडीचा चाकू काढून त्याच्यापुढे धरला.

"तुम्हाला नाद आहे, हे सांगायचे. घ्या. घरात नको वाटतो मला तो."

नाद तर होताच. जुन्या बाजारात उकिडवं बसून गंजकी पाती उलटीपालटी करायची, घरी आणून त्यांना तेल पाजायचं, आखडलेली स्प्रिंग मोकळी करायची, यात त्याची तहानभूक हरपायची. त्यातला एखादा कायम खिशात. सुतळी कापायला, पुठ्ठा तासायला. पण हा चाकू त्याच्याकडच्या सगळ्यांहून वेगळा होता. शिंगाची मूठ अंगठ्याखाली झिजून खोलगट झालेली, पातं चोचीसारखं आत वळलेलं.

"कलमं करायचे याने," काकू म्हणाल्या. "त्यांच्या हातचं कलम कधी मेलं नाही."

ठकीला चाकूंचे आवाज आवडायचे. प्रत्येकाचा उघडतानाचा खटका निराळा, आणि ती डोळे मिटून कुठला कोणता ते बरोब्बर ओळखायची. संध्याकाळी त्याने नवा चाकू तिच्या कानाशी उघडला. काहीच आवाज आला नाही.

"बाबा, हा बोलत का नाही?"

"म्हातारा झालाय तो."

"मग ऐकत असेल," ठकी म्हणाली आणि तिने उशीवर मान टाकली.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला गॅलरीत बोलावलं. कुंडीतला गुलाब कधीचाच वाळला होता, कुणी उपटून टाकला नव्हता इतकंच. त्याच्या काळ्या पडलेल्या खोडाला तिरका छेद देऊन त्यात एक हिरवी काडी बसवली होती. वरून कापडाची पट्टी, घट्ट आणि नीटस.

"अहो, आत्ता कुठे सुचतंय तुम्हाला हे..."

"मी नाही केलं."

बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने खिशातला चाकू उघडला. पात्यावर हिरवट चीक होता, अजून ओला. चाकू रात्रभर त्याच्या खिशात होता आणि खिसा त्याच्या अंगावर. त्याने तो पुसला, कपाटाच्या तळाशी टाकला आणि कुलूप लावलं. आठवडाभरात त्या मेलेल्या खोडावर लालसर पालवी फुटली.

ठकी मात्र उतरतच गेली. ओठ पांढरे पडले. पाणी भरवलं तर कडेने ओघळायचं. एका दुपारी डॉक्टर जिन्यातूनच परत वळले. वर येऊन करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणाले. बायको रडून रडून पलंगाच्या पायथ्याशीच झोपी गेली. खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत होतं. लख्ख ऊन होतं. आणि त्या उन्हात बसून फ्रेमवाल्याच्या मनाने घेतलं, की आता मेलेल्या माणसाकडे मागायची तरी शरम कसली.

त्याने कुलूप काढलं. चाकू उघडून स्टुलावर ठेवला, बाही वर सारली आणि आपला हात ठकीच्या हाताशेजारी चादरीवर पसरला.

"माझ्यातलं घ्या," तो डोळे मिटून उघड्या चाकूला म्हणाला. "हवं तेवढं घ्या... सगळं घ्या. पण हिला लागू द्या."

बराच वेळ काही झालं नाही. मग ओल्या मातीचा वास आला, आणि त्यामागून ताज्या सोललेल्या सालीचा. पलंगाची पलीकडची बाजू जराशी दबली, कुणी जपून टेकावं तशी. कुणीतरी तोंडाने श्वास घेत होतं, बारीक कामात गढलेला माणूस घेतो तसा. डोळे उघडणं त्याच्याने झालं नाही. त्याने हात तेवढा हलू दिला नाही.

कधी डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली ती ठकीच्या आवाजाने.

"बाबा, भूक लागलीय."

तिच्या डाव्या कोपराखाली कापडाची पट्टी होती. त्याने कड उचलून पाहिली. आत एक तिरकी, केसाएवढी चीर. रक्ताचा टिपूस नाही. त्याने आपला हात उलटून पाहिला. साधा ओरखडाही नव्हता. बायकोला हलवून उठवलं, तिचे दोन्ही हात उजेडात धरले. तिथेही काही नाही.

ठकी त्या दिवसापासून सुधारत गेली. गालांवर रंग चढला, ती चालू लागली, भांडू लागली. डॉक्टरांनी रक्त पुन्हा पुन्हा तपासलं आणि मान हलवली. बायको हसायला लागली. त्याला मात्र घास गिळवेना. शेवटी तो चाकू घेऊन माळीणकाकूंकडे गेला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कलमाला दोन लागतात," त्या म्हणाल्या. "खाली खुंट, वर काडी. काडी कुणाची होती?"

"मी हात पुढे केला होता. पण माझ्या हातावर काही नाही."

काकूंनी चाकू त्याच्याकडे परत सरकवला.

"काकू, पोरगी जगेल ना?"

"खुंट जगतो हो. त्याच्या मुळांवरच तर सगळं चालतं." त्यांनी नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. "पण वर वाढते ती काडी... फळं तिचीच धरतात."

तो धावतच घरी आला. ठकी चादर ओढून दुपारची झोपली होती. पट्टी आपसूक गळून उशाशी पडली होती आणि चिरेची खूण कुठे दिसत नव्हती. त्याने तिचं उजवं मनगट हातात घेतलं. नाडी लहान मुलाची चालावी तशी चालत होती, हलकी आणि भरभर. त्याचा जीव भांड्यात पडला. मग उगाचच, खात्री म्हणून, त्याने दुसऱ्या हाताने तिचं डावं मनगट धरलं.

तिथे नाडी होती. पण ती संथ होती, जड, मधूनच एक ठोका गाळणारी, पिकल्या म्हाताऱ्याची असते तशी.

बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, ठकी उठली का. दोन्ही मनगटं धरून तो तसाच बसून राहिला, दोन्हीकडचे ठोके एकदा तरी जुळतील म्हणून वाट बघत.