तळाचं पाणी

मासे शोधायला धाकट्याकडे एक बाटली होती. तळाला शिसं बांधलेली. बूच लावून ती दोराने खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर बुचाची वेगळी दोरी हिसकायची. बूच निघून वर येतं, बाटली भरते. मग ती वर ओढून आतलं पाणी तापमापकाने मोजायचं. उन्हाळ्यात सरोवराचं वरचं पाणी तापतं, तळ बर्फासारखा गार राहतो, आणि मासे मधल्या थंडाव्यात असतात.

ही विद्या थोरल्याची. बूच तो दातांनी दाबून बसवायचा. "अर्धा दात गेलाच आहे, उरलेलाही जाईल," म्हणून वहिनी करवादायची. गेल्या हिवाळ्यात तो इथेच बुडाला आणि हाती लागला नाही.

वहिनी अजून त्याचं ताट वाढत होती. स्वतः मात्र वाळून काडी झाली होती. धाकट्याला ते बघवत नव्हतं. माहेरी जा म्हणून सांगून सांगून त्याने हात टेकले तेव्हा ती म्हणाली, "तळ माझ्यासमोर मोजून दाखवा. गार निघाला तर मी माहेरी जाते."

भर दुपारी होडी खोल पाण्यावर आली. मधल्या थरातलं जाळं सकाळी रिकामंच निघालं होतं. मासे इथे वर होते, कढत पाण्यात, तोंडं उघडून होडीला खेटलेले. असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने बाटलीला बूच लावलं.

"चार अंश निघतील, वहिनी. तिथे कोणी जगत नाही."

"मोजा तर खरं, भाऊजी."

बाटली तळाला टेकली. त्याने दोरी हिसकली. बूच वर आलं, ते त्याने पायाशी ठेवलं आणि दोर ओढू लागला. ओला दोर गार लागायला हवा होता. तो कोमट होता.

बाटली वर आली. काठोकाठ भरलेली, तोंडाला घट्ट बूच.

त्याने पायाशी पाहिलं. त्याचं बूच तिथेच होतं.

वहिनीने बाटली घेतली, बूच काढलं, तापमापक आत सोडला. पारा चढत गेला. माणसाच्या अंगाइतका झाला आणि थांबला.

धाकट्याने वल्ही उचलली. "घरी चला, वहिनी."

"आता मी कशाला कुठे जाऊ?"

तिने ते बूच त्याच्यापुढे धरलं. त्यावर दातांचे वण होते, मधला एक अर्धाच. दाबलेलं बूच हळूहळू फुगत होतं, आणि वण अजून भरून येत होते.