जुन्या नळीची फुंकणी

रमजान संपत आला होता. हुमैदकाका जुनी लष्करी रायफल फडक्यात गुंडाळून माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आले. आमच्या रैमाच्या डोंगरात ईदचा पहिला बार त्यांच्या घराचा. समोरच्या उतारावर चुना फासलेली फळी उभी करतात. आधी काकांनी नेम धरायचा, मग गावाने. पण गेल्या दोन ईदांना त्यांची गोळी फळीला शिवलीही नव्हती. तिसऱ्यांदा चुकले तर हा मान त्यांच्या चुलतभावाच्या, फारिअच्या घरी जाणार, असं पंचांनी ठरवून टाकलं होतं.

"फारिअ म्हणतो, म्हाताऱ्याचे डोळे गेले," काका म्हणाले. "मुसन्ना, खरं सांग. डोळे गेलेत की बंदूक?"

मी परसात पुठ्ठ्यावर एक गोळी झाडून पाहिली. भोक गोल पडलं नाही. लांबट, आडवं पडलं. नळीच्या आत कोरलेले पीळ झिजले की गोळी सरळ न जाता लोळत जाते.

"डोळे शाबूत आहेत, काका. नळी म्हातारी झालीय."

नळी निघता निघेना. तेल पाजलं, शेक दिला, दांड्यावर मी सगळा भार टाकला, तेव्हा कुठे ती कण्हत सुटली. लोखंड कण्हतंच, त्यात काही विशेष नाही. तिच्या जागी सैन्याच्या भंगारातली, ग्रीसमध्ये मुरलेली कोरी नळी बसवली. परसातल्या पुठ्ठ्यावर आता गोल भोकं पडू लागली. मग नळी आतून पुसून लख्ख केली.

"जुनी फेकू नकोस," काका म्हणाले. "माझ्या बापाने जन्मभर त्याच नळीतून बार टाकला. चाप ओढताना श्वास कोंडून धर, एवढंच शिकवायचा."

"फेकतोय कशाला? आमच्या वर्दाला फुंकणी होईल."

काका हसले. माझ्या बायकोला, वर्दाला, मात्र फुंकणी आवडली नाही.

"अहो, ही उलटी आहे," ती म्हणाली. "मी फुंकते तर ही आत ओढते. ओढते आणि धरून ठेवते."

"आत काजळी अडकली असेल," मी म्हणालो. काजळी नव्हती. नळीतून पलीकडचा उजेड स्वच्छ दिसत होता. वर्दाने ती खुंटीला टांगली आणि पुन्हा हात लावला नाही.

ईदच्या सकाळी अख्खा डोंगर माणसांनी फुलला होता. काकांनी रायफल खांद्याला लावली. "फळी जवळ आणायची का रे?" फारिअ मागून म्हणाला. दोघं-चौघं हसले.

बार झाला. समोरून पोरांचा कल्ला आला. फळीच्या ऐन मध्यावर!

मग काय, ढोल घुमू लागले, बायकांनी गच्च्यांवरून जिभा नाचवून आरोळ्या दिल्या, आणि काकांना खांद्यावर उचललं ते खुद्द फारिअने. माझाही ऊर भरून आला. नळी माझ्या हातची होती.

"गंमत सांगू?" काका खांद्यावरून खाली वाकून म्हणाले. "आनंदात आज श्वास धरायचाच विसरलो."

फळी उतरवायला मी गेलो.

मध्यावरचं भोक लांबट होतं. आडवं.

मी काकांकडून रायफल मागून घेतली आणि नळीतून पांढरं फडकं ओढलं.

पांढरंच बाहेर आलं. बार झालेल्या नळीतून ते काळं निघायला हवं.

खाली गावात ढोल वाजतच होते. मी घरी आलो. चूल सकाळीच विझवलेली. वर्दा दारात उभी होती, आत जायला तयार नव्हती.

"मघाशी आत बार झाला," ती म्हणाली.

फुंकणी खुंटीला होती तशीच होती. मी ती उतरवली. गरम होती.

आणि तिच्या तोंडातून, कितीतरी वेळ कोंडून धरलेला श्वास कोणीतरी हळूच माझ्या मनगटावर सोडला.