सात नंबरचा पेशंट

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. पण माझी मावशी थापा मारत नाही. ती स्वतःचं वयसुद्धा खरं सांगते!

मावशी हॉस्पिटलात नर्स. एका पेशंटचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत, हे बघणं तिचं काम. हात न धुता फिरणाऱ्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही ती सगळ्यांसमोर झापते.

आयसीयूच्या सात नंबरच्या खोलीत दीड महिन्यात तीन पेशंट गेले. तिघांनाही एकच जंतू. कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा.

शेवटचे गेले ते शिंपी आजोबा. घशात नळी, त्यामुळे बोलता यायचं नाही. काही हवं असलं की पलंगाच्या दांड्यावर अंगठी वाजवायचे. दोनदाच. मावशीचा त्यांच्यावर फार जीव.

खोली तीनदा धुतली. गादी, दाराची मूठ, बेसिन, सगळ्याचे नमुने तपासले.

कुठेच काही नाही.

मावशीने खोलीला कुलूप ठोकलं.

तो मंगळवार होता. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन. मोठे साहेब आले.

"सिस्टर, चार वाजता ऑपरेशन झालेली मुलगी येतेय. दुसरी खोली नाही. सात नंबर उघडा."

"जंतू कुठे लपलाय ते कळल्याशिवाय नाही उघडणार, सर."

"मग चारपर्यंत शोधा. नाहीतर किल्ली द्या."

साहेब गेले. मावशी डोकं धरून बसली. तेवढ्यात...

टक... टक.

बंद खोलीतून.

तिने काचेतून पाहिलं. पलंग रिकामा. त्यावर गादीसुद्धा नाही.

टक... टक.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. पण मावशीच ती! गाऊन चढवला, हातमोजे घातले, कुलूप काढलं.

"कोण असशील ते अस," ती म्हणाली. "घाबरलेय मी. पण मागे फिरणार नाही."

आवाज पलंगाकडून नव्हताच...

बेसिनच्या खालून येत होता. वाकड्या पाइपमधून. नळ तर घट्ट बंद.

ती खाली वाकली. आवाज थांबला.

आणि तिला एकदम आठवलं.

आजोबांना आणि त्यांच्या आधीच्या दोघांना नाकातल्या नळीतून द्यायचं पातळ अन्न रोज थोडं उरायचं. ते ओतायची मोरी कॉरिडॉरच्या पार टोकाला. मग घाईत सगळ्याच नर्स ते हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतायच्या. मावशीसुद्धा. पाइपमधल्या जंतूला त्यांनीच रोज जेवू घातलं होतं! नळ सोडला की तिथलेच शिंतोडे वर उडायचे, आणि पलंग हातभर अंतरावर.

बेसिनचे नमुने घेतले होते. पाइपच्या आतले कोणीच नाही.

"आजोबा, चुकलं हो माझं," ती रडत म्हणाली.

तिने परवानगी न घेताच प्लंबरला बोलावलं. त्यालाही गाऊन, मास्क चढवायला लावला.

"अहो सिस्टर, आत नुसता बुळबुळीत थर साचलाय."

तिने त्याचा नमुना लॅबला पाठवला.

चार वाजता साहेब स्ट्रेचर घेऊन हजर. मावशी दारात आडवी उभी.

"रिपोर्ट कुठाय?"

"तीन दिवस लागतील."

"मग कशाच्या जोरावर अडवताय?"

"नोकरी घ्या सर, पण किल्ली मिळणार नाही. या खोलीतून चौथं माणूस मी जाऊ देणार नाही!"

शेवटी मुलीला ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत ठेवलं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. तोच जंतू. बेसिन उखडलं, भिंतीतला पाइप बुजवला. मुलगी बाराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेली.

मावशीकडे मात्र लेखी खुलासा मागितला. परवानगीशिवाय पाइप का उघडला? कोणी सांगितलं?

मावशीने एकच ओळ लिहिली. 'सात नंबरच्या पेशंटने सांगितलं, मंगळवारी दुपारी.' खाली सही.

"हे खोडा," साहेब म्हणाले.

"खोटं असतं तर खोडलं असतं, सर."

त्या कागदाची प्रत मी स्वतः वाचलीय. अजून ती हातात घेतली की अंगावर काटा येतो...

त्या मंगळवारी आजोबांना जाऊन नऊ दिवस झाले होते.