एक बाद

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर पुढच्या गोष्टीकडे वळा. मी कोणाच्या हातापाया पडणार नाही.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती. वादळ नव्हतं. रविवारची लख्ख दुपार होती आणि जागा होती ऑफिसातली कॉम्प्युटरची खोली. भुतं घड्याळ बघून येतात असं कोणी सांगितलं तुम्हाला?

झालं ते माझ्या आत्याच्या बाबतीत.

गोठवलेला माल साठवणारी एक कंपनी आहे. आत्या तिथे वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर सांभाळते. बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, खाली कोल्ड रूममध्ये पेट्यांची मांडामांड करतात. दोघं जेवायला एकत्र बसतात आणि जेवताना भांडतात. लहानपणापासूनचा नेम आहे, मोडत नाहीत.

कोल्ड रूमचा एक नियम होता. आत जाताना दारावर कार्ड लावायचं, बाहेर येताना पुन्हा लावायचं. पाळी संपली की जुनी सिस्टीम एक मेल पाठवायची. त्यात एकच ओळ. आत किती माणसं. ‘आत : ०’ आलं की वॉचमनने दार बाहेरून बंद करायचं.

पण शून्य कधी यायचंच नाही.

कायम यायचं… ‘आत : १’.

तो एक म्हणजे मफलर. उन्हाळ्यातही गळ्याला मफलर, म्हणून नाव पडलं. बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय. काही वर्षांपूर्वी तो आत असताना दार बंद झालं. आतून उघडायचं हँडल बर्फाने गच्च धरलं होतं. सकाळी सापडला…

माणसाला बाहेर आणलं. कार्ड कोण लावणार? मेलेल्याच्या कार्डाला हात लावायला कोणी धजेना. सिस्टीमच्या दृष्टीने तो आतच राहिला. ती सिस्टीम बनवणारा केव्हाच सोडून गेला होता, बदल करता येईना. मग वॉचमन लोकांनी सोपा उपाय काढला. आकडा येईल त्यातून एक बाद करायचा. नवा वॉचमन आला की जुना त्याला चाव्या द्यायचा आणि सांगायचा, “एक बाद कर रे, तो आपला मफलर.”

हसायचे पण त्यावर. हँडल मात्र कोणी बदललं नाही. बर्फ खरवडायचे आणि पुढे ढकलायचे.

मग नवी सिस्टीम आली, आकडा दाराजवळच्या स्क्रीनवरही दाखवणारी. सगळ्यांचे मेल, सगळे जुने प्रोग्रॅम, सगळं नव्या जागी हलवायचं. काम आत्याच्या गळ्यात. शनिवारभर ती बसली होती. सगळं गेलं, एक एन्ट्री अडली. इतकी जुनी, उघडी एन्ट्री नवी सिस्टीम घेईना.

आत्याने मफलरच्या नावापुढे ‘बाहेर’ टाकलं.

“झालं बाबा, सुटलास,” असंही म्हणाली म्हणे. तिला मेलेल्यांशी बोलायला संकोच वाटत नाही. जिवंतांशी कुठे वाटतो?

मग तिने सगळ्यांना मेल धाडला, की आजपासून आकडा खरा आहे, काही बाद करू नका. जुन्या मशीनची वायर काढली, गुंडाळली, त्याच्याच डोक्यावर ठेवली आणि घरी गेली.

रविवारी दुपारी राहिलेलं काम उरकायला ती पुन्हा आली. वर ती एकटी. खाली अर्ध्या दिवसाची पाळी संपत आली होती.

काम करता करता तिच्या लक्षात आलं…

खोलीत आवाज येतोय. घुर्रर्र. जुन्या मशीनचा पंखा.

तिने वळून पाहिलं. वायर गुंडाळलेली. दिवा बंद. आवाज थांबला.

“म्हातारी झाले वाटतं,” ती स्वतःला म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

तेवढ्यात स्क्रीनवर मेल आला.

पाठवणारा… जुनी सिस्टीम. तो पत्ता तिने काल स्वतःच्या हाताने पुसला होता.

आत एकच ओळ.

‘आत : २’.

आत्याचं टाळकं सरकलं. तिला वाटलं, कोणीतरी पोरखेळ करतंय. तिने मेल उडवला. पुन्हा आला.

‘आत : २’.

पुन्हा उडवला. आता खोलीतली सगळी मशीन एकदम गप्प झाली. एसीसुद्धा. इतकी शांतता तिने त्या खोलीत कधी ऐकली नव्हती…

आणि तिच्या खुर्चीच्या मागे कोणीतरी खाकरलं.

दोनदा.

तुम्ही असता तर पळाला असता. मी तर जागीच आडवी झाले असते. आत्या उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि रिकाम्या खोलीवर ओरडली, “काय रे? मेलास ना तू? बाहेर काढलं ना तुला? मग माझ्या मागे काय लागलास? आणि मोजता येत नाही का? एक तू, दुसरा कोण?”

दुसरा कोण…

तोंडातून शब्द गेले आणि तिने नवी सिस्टीम उघडली.

‘आत : १’.

खाली नाव. तिच्या दादाचं. माझ्या बाबांचं.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. वॉचमन दाराचा खटका लावून, लाइट घालवून, चाव्यांचा जुडगा फिरवत फाटकाकडे निघाला होता. आज अर्धा दिवस. उद्या सकाळपर्यंत ते दार कोणी उघडणार नव्हतं. आत फोन लागत नाही.

आत्या जिन्यावरून कशी उतरली ते तिला आठवत नाही. एक चप्पल वर राहिली, एक जिन्यात.

“दार उघड! आत माणूस आहे!”

“कोणी नाही ताई,” वॉचमन शांतपणे म्हणाला. “स्क्रीनवर एकच होता. एक बाद केला की शून्य.”

“मेल पाठवला होता ना मी!”

“नवा मेल अजून उघडतच नाही माझा. पासवर्ड घेत नाही.”

आत्याने चाव्या त्याच्या हातातून हिसकावल्या.

दार उघडलं. आत मिट्ट काळोख आणि पांढरी वाफ. तिने दिवा लावला…

बाबा पेट्यांच्या रांगांमधून चालत होते. हातातला पेट्या ओढायचा लोखंडी हूक खाली घासत होता. भुवया पांढऱ्या. ते दाराकडे बघतही नव्हते. नुसते चालत होते.

“दादा!”

बाहेर आणून बसवायला गेली, तर ते बसेनात. कितीतरी वेळ बसेनात. दात वाजत होते, त्यातून म्हणाले, “बसू देत नाही गं तो…”

“कोण?”

“बसलो की मागून ढकलतो. खाकरतो आणि ढकलतो. ‘चाल’ म्हणतो.”

थंडीत बसलेला माणूस झोपतो, आणि झोपलेला उठत नाही. हे त्या रूममध्ये काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मफलर बसला होता, तसाच सापडला होता.

वॉचमन तिथेच मटकन खाली बसला. आत्या त्याला तिथेच सोडून वर गेली. मफलरचं जुनं कार्ड तिच्या टेबलाच्या खणात पडून होतं. ते घेऊन खाली आली. आधी दादाचं कार्ड लावून त्याची नोंद बाहेर केली, मग मफलरचं लावलं.

‘आत : १’.

“राहा,” ती म्हणाली. “तू मोजायला बरा आहेस.”

सोमवारी साहेबांनी बोलावलं. बाबांची विचारपूस केली, मग मुद्द्यावर आले. “मॅडम, आता सगळं नीट आहे ना? मग तेवढी ती एन्ट्री काढून टाका. तपासणीला माणसं येतात. मेलेला माणूस आत दिसतो, बरं दिसतं का ते?”

“मुळीच नाही,” आत्या म्हणाली. “म्हणून आधी हँडल बदला.”

“त्याचा याच्याशी काय संबंध?”

“तेवढाच तर संबंध आहे.”

“बघू, वरून मंजुरी आली की…”

“तुम्ही मंजुरीचं बघा. नवी सिस्टीम नीट चालते अशी माझी सही हवी आहे ना तुम्हाला? हँडल बसेपर्यंत सही मिळणार नाही. मला काढायचं असेल तर काढा. पण मग तो आत का दिसतो, हे येईल त्याला मी फाटकाबाहेर उभी राहून सांगेन.”

साहेबांनी तिची नजर पाहिली आणि समोरची फाइल मिटली. आमच्या घरात सगळ्यांनाच ती नजर ठाऊक आहे. आत्या अडून बसली की आजोबासुद्धा गप्प बसायचे.

आठवडा गेला. खटके उडाले, वरून फोन आले, शेजारच्या टेबलावरचे तिच्याशी बोलायचे थांबले. ती रोज सकाळी खाली जाऊन स्क्रीन बघायची. ‘आत : १’. मान हलवायची आणि वर यायची.

शेवटी हँडल आलं. नवं, बर्फ न धरणारं, आतून एका धक्क्यात दार उघडणारं. बसवणाऱ्या माणसाने आत जाऊन उघडून दाखवलं. मग बाबांनी. मग खुद्द आत्याने, तीन वेळा.

ती वर गेली. सही केली. दिल्या शब्दाप्रमाणे मफलरची एन्ट्री बंद करायला तिने स्क्रीन उघडली…

‘आत : ०’.

मफलरच्या नावापुढे ‘बाहेर’ लागलेलं होतं. कार्ड लावूनच.

कार्ड तिच्या खणात होतं. खणाला कुलूप. किल्ली तिच्या गळ्यात.

त्या संध्याकाळी आत्या बाबांबरोबर आमच्याकडे आली. हे मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आत्या आत आली. मागून बाबा आले. आणि बाबांनी दार लावलंच नाही. हाताने धरून उभे राहिले, मागून कोणी येत असलं की धरतो तसे.

जिन्यात कोणी नव्हतं. मी वाकून पाहिलं.

आईने घाबरून आत्याकडे पाहिलं. आत्याचा चेहरा उतरला होता. तिला मी आयुष्यात एकदाच तशी पाहिली. पण क्षणभरच. मग तिने पदर खोचला.

“आलाय तर येऊ दे,” ती म्हणाली. “वहिनी, एक ताट जास्त घे. आपल्या घरात कोणी एक बाद करत नाही.”

मी दार लावायला पुढे झाले.

“थांब जरा,” बाबा म्हणाले.