दुपारची लाल फुली

“माझ्याच घरात माझा घात होतोय,” मुद्रितशोधक म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसायचंही विसरले.

तपासनीस बाईंनी त्यांना हाताने बसायची खूण केली. शेजारी बाईंचे सोबती, निवृत्त ग्रंथपाल, वही उघडून तयारच होते. मुद्रितशोधक त्यांचे तीस वर्षांचे मित्र. त्यांना इथे आणलं होतं तेही ग्रंथपालांनीच.

हकिकत अशी होती. मुद्रितशोधक घरी बसून शाळेच्या पुस्तकांचे धडे तपासत. घरातल्या सगळ्या फाइली सुनेच्या वरच्या खोलीत, घरच्या नेटवर्कला जोडलेल्या एका पेटीत साठवलेल्या असत आणि खालच्या संगणकावर ती पेटी ड्राइव्ह म्हणून दिसे. गेल्या पंधरा दिवसांत तो ड्राइव्ह तीनदा तुटला होता. पडद्यावर लाल फुली. तासाभराने पुन्हा आपोआप सुरू.

“केव्हा तुटतो?”

“दुपारी. धडा संपवतो, जतन करतो, फाइल तशीच उघडी ठेवून जेवायला जातो, मग जरा पडतो. उठून बघावं तर फुली. छापखान्यातून फोनवर फोन. दोनदा मुदत हुकली.”

“संशय कुणावर?”

“सुनेवर. तिला माझी खोली हवीय.” त्यांनी आवाज खाली आणला. “परवा तिच्या आईवडिलांसमोर मी तिला घरभेदी म्हणालो. ती बॅग भरून बसलीय. चुकलो असेन तर... पण मी चुकलेलो नाही.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्या घरी गेले. मुलगा आठवडाभर कामासाठी परगावी होता. घरात उरली तीन माणसं.

ग्रंथपालांनी आधी वायर हलवून पाहिली. “बहुतेक हीच सैल असेल.”

“सैल वायर जेवणाची वेळ पाळत नाही,” बाई म्हणाल्या. संगणक झोपी जाण्याची सोयही बंदच होती. “आणि तुटतो तो फक्त हाच संगणक. सुनेचा लॅपटॉप एकदाही तुटलेला नाही. म्हणजे पेटी ठणठणीत आहे.”

स्वयंपाकघरात मुद्रितशोधकांची बायको गोळ्यांचं पाकीट डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा प्रयत्न करत होती.

“चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे,” ती पुटपुटली. “विचारा काय ते. पण मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, ती खडू-फळ्यावर.”

“वरच्या खोलीत जाता का कधी, वहिनी?” ग्रंथपालांनी विचारलं.

“या गुडघ्यांनी? जिना चढून सहा महिने झाले असतील.”

सून वर होती. दातांच्या दवाखान्यात काम करायची. आज सुट्टी घेतली होती. टेबलावर लॅपटॉप, त्याच्या बाजूला एक चष्म्याचं घर. पलंगावर भरलेली बॅग.

“तुम्हाला चष्मा आहे?”

“नाही,” ती म्हणाली, आणि ते घर तिने खणात सरकवलं.

ग्रंथपालांनी लॅपटॉपवर सासऱ्यांची फाइल उघडून पाहिली. सूचना आली: फाइल दुसरीकडे उघडी आहे, फक्त वाचता येईल.

“पेटी प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवते,” बाई म्हणाल्या. “ती दाखवाल?”

सुनेने नोंद उघडली. तिन्ही वेळा तिच्याच नावाने सासऱ्यांचा ड्राइव्ह तोडलेला होता आणि पुन्हा जोडलेला. मधल्या वेळात तिच्याच नावाने त्यांच्या फाइलीत बदल. शेवटची नोंद बुधवारची, बारा वाजून वीस मिनिटांची.

“लिहून घ्या,” ती पटकन म्हणाली. “मीच तोडते. आता पुरे करा हे.”

ग्रंथपालांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं. बाईंनी मात्र पेटीतल्या जुन्या प्रती चाळल्या, एक पान छापून घेतलं आणि खाली मुद्रितशोधकांपुढे ठेवलं.

“हा भाग बरोबर आहे ना?”

त्यांनी पान जवळ धरून वाचलं: ‘त्यांनी आयुष्यभर दिन लोकांची सेवा केली आणि बायकांना सुत कातायला शिकवले.’

“निर्दोष,” ते म्हणाले. “माझ्या हाताखालून गेलंय ते.”

बाईंनी बाहेर जाऊन दवाखान्यात एक फोन केला.

*

“एकांतात सांगू का?” परत येऊन त्यांनी विचारलं.

“सगळ्यांसमोर सांगा. मी तिला सगळ्यांसमोर बोललोय.”

चौघं बैठकीच्या खोलीत बसले. बाई उभ्याच राहिल्या.

“ड्राइव्ह सुनेच्या नावाने तुटला. तिने कबूलही केलं. पण बुधवारी बारा ते दोन ती दवाखान्यात होती, रोग्याच्या तोंडात हात घालून. लॅपटॉप मात्र घरी होता. म्हणजे ती खोटं बोलली, आणि स्वतःविरुद्ध बोलली. अशी माणसं दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतात.”

सून जमिनीकडे बघत होती.

“मुलगा परगावी. तुम्ही झोपलेले. उरलं कोण? ज्यांना जिना चढवत नाही, त्यांचा चष्मा वर लॅपटॉपजवळ होता.”

मुद्रितशोधकांनी बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला.

“पण तोडायचं कशाला?” ग्रंथपाल गोंधळून म्हणाले.

“तुम्हीच पाहिलंत की. खाली फाइल उघडी असली की वर ती फक्त वाचता येते. हे उठताना फाइल मिटत नाहीत. यांचा ड्राइव्ह तोडल्याशिवाय तिच्यात एक अक्षर बदलता येत नाही.”

“काय बदलायचं होतं?” मुद्रितशोधकांचा आवाज चिरकला.

हे वाक्य बाईंना बोलायला नको वाटत होतं. “छापखान्यातून आलेल्या प्रतीत ‘दीन लोकांची सेवा’ होतं. दीन, म्हणजे गरीब. तुम्ही त्याचा दिवस केलात. कातायचं ते ‘सूत’ होतं. तुम्ही त्याचा मुलगा केलात. दुपारच्या तासाभरात कुणीतरी ते पुन्हा होतं तसं केलं. मघाशी मी तुम्हाला तुमचीच प्रत वाचायला दिली होती.”

मुद्रितशोधकांनी पान उचललं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. याच दोन शब्दांवरून त्यांनी उभ्या आयुष्यात कितीतरी जणांना फैलावर घेतलं होतं. कान लाल झाले, मग चेहरा.

“किती दिवस?”

“दिवाणखान्यात बसून बोलायची गोष्ट नाही ही,” बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. “चार महिने. आधी मी रात्री तुमच्या फाइली उघडून दुरुस्त करायचे. मग तुम्ही दुपारीच पाठवायला लागलात. सांगायची हिंमत झाली नाही हो. हिने मला सगळं शिकवलं. तुम्ही हिला बोललात तेव्हाही मी गप्प बसले. मला माझीच शरम वाटते.”

“तू का नाही सांगितलंस?” त्यांनी सुनेला विचारलं.

“मला घरभेदी म्हणालात, बाबा. ते मला दोन दिवसांत विसरता आलं असतं,” ती म्हणाली. “हे तुम्हाला विसरता आलं नसतं.”

त्यांना तिच्याकडे मान वर करून बघवेना. ते तसेच उठले आणि फोनपाशी गेले. छापखान्याचा माणूस पलीकडून काहीतरी जोरजोरात बोलत होता. त्यांनी ते संपू दिलं.

“माझ्या चुका होतायत,” ते म्हणाले. “हो, माझ्याच. इथून पुढे माझी बायको तपासेल. पुस्तकात नावही तिचंच घाला.” मग दुसरा नंबर फिरवला. तो सुनेच्या वडिलांचा होता. “परवा तुमच्यासमोर बोललो ते खोटं होतं,” इतकंच म्हणता आलं. पुढचं सुनेने त्यांच्या हातातून फोन घेऊन पूर्ण केलं. “मी इथेच आहे, बाबा. काही काळजी करू नका.”

*

दोघं रस्त्यावर आले.

“सगळ्यांसमोर सांगायला नको होतं मी,” बाई म्हणाल्या. “ते म्हणाले म्हणून काय झालं.”

ग्रंथपाल चालता चालता थांबले. “मागच्या महिन्यात त्याचं मला पत्र आलं होतं. तीस वर्षांची मैत्री, आणि पाकिटावर माझं आडनाव चुकवलं होतं त्याने.”

“मग?”

“मी हसलो. घरी चहा पिताना दोघांतिघांना दाखवलंसुद्धा. त्याला मात्र काही विचारलं नाही.”

ग्रंथपालांनी वही बंद केली आणि मागे वळून आपल्या मित्राच्या घराकडे चालू लागले.